भिंतीकडची कड

लिफ्टचं बटण दाबलं गेलं की नाही हे धाकट्याला कळेना, म्हणून त्याने ते पुन्हा दाबलं, मग आणखी एकदा, मग जरा जोर लावून, तेव्हा मागे पिशवी घेऊन उभी असलेली बाई म्हणाली, "काका, दिवा लागलाय. कधीचा लागलाय." लागला होता खरा. बटणाभोवतीचं पिवळं कडं उजळलं होतं आणि त्याच्या मधोमध त्याचा अंगठा होता, म्हणजे दिसत होता: पेरावरचा पटाशीचा जुना व्रण, नखाच्या मुळाशी कायमचं मुरलेलं पॉलिश, सगळं ओळखीचं. पण बटण गार होतं का, आत गेलं का, परत वर आलं का, यातलं एक अक्षर त्या अंगठ्याने वर कळवलं नव्हतं. लिफ्टमध्ये बाईकडे पाठ करून त्याने अंगठा गालावरच्या खुंटांवर फिरवला. गालाला अंगठा कळला. अंगठ्याला गाल कळला नाही. ओळखीच्या माणसाला हाक मारावी, त्याने वळून बघावंही, आणि तरी ओळख देऊ नये, तसं काहीसं. चौथा मजला आला, बाई म्हणाली, "उतरायचं ना?" आणि तो उतरला.

"तुझे कान आले," दार उघडून वहिनी म्हणाली. "बाकीचा मागून येतोय का?"

हा तिचा वर्षभरातला आवडता विनोद. तिच्या डोळ्यांचं मधलं गेलं होतं आणि कडा तेवढ्या राहिल्या होत्या. समोर माणूस उभा राहिला की त्याचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, आणि नाक-तोंड असायला हवं तिथे धुरकट डाग. बऱ्याच जणांच्या बाबतीत हा फायदाच आहे, असं ती म्हणायची. धाकट्याने चपला नेहमीच्या जागी काढल्या (या घरात आता कुठलीच वस्तू नेहमीची जागा सोडून ठेवायची नव्हती) आणि उजवा हात खिशात घातला. एकसष्टाव्या वर्षी त्याला धाकटा म्हणणारं हे एकच माणूस उरलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई नव्हती. घरात थोरला भाऊ, त्याची हत्यारं आणि एक शेंबडं पोर. तिने आधी पोराचं नाक पुसलं आणि मग स्वतःची ट्रंक उघडली. तेव्हापासून तिच्यापुढे हात खिशात घालून उभं राहायचं म्हणजे काहीतरी फोडून आल्याचं लक्षण असायचं, आणि हे तिला ठाऊक होतं, पण हात म्हणजे माणसाचं मधलं, ते तिला आता दिसत नव्हतं. या विचाराने त्याला बरं वाटलं आणि लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली.

तो पॅसेजचं माप घ्यायला आला होता. मागच्या महिन्यात ती या पॅसेजमध्ये पडली. लागलं फारसं नाही, पण पुतण्याला, म्हणजे तिच्या मुलाला, दुसऱ्या शहरात ते कळलं, आणि तो धावत येऊन, डोळ्यांत पाणी आणून, स्टीलचे दोन दांडे ठेवून गेला, हॉस्पिटलच्या बाथरूममध्ये भिंतीला असतात तसले. वहिनीने त्यातल्या एकावर ओलं फडकं वाळत घातलं आणि दुसरा पलंगाखाली ढकलला. मग फोनवर दोघांचं वाजलं. शेवटी असं ठरलं, की येत्या रविवारी तो येईल, आणि आई जर अशीच भिंतीला पंजे लावून, पायाने जमीन चाचपत चालताना दिसली, तर तिला घेऊन जाईल. वाद नको. "घेऊन जाईन म्हणाला," वहिनी म्हणाली. "जसं काही दुकानात विसरलेली छत्रीच." हे घर सोडायचं म्हणजे काय, हे ती कधी बोलली नाही. पण फोन ठेवल्यावर तिने धाकट्याला बोलावलं आणि म्हणाली, "दांडा लाव, पण आजाऱ्याचा नको. कपाटाला असतं, आरशाला असतं, तसं काहीतरी कर. कडेला गोला हवा, शेजारी झिरी हवी. दिवसातून पन्नासदा हात लागणार, तर चांगलं काहीतरी लागू दे."

आणि आता अंगठा.

गोला म्हणजे लाकडाच्या कडेने धावणारी अर्धगोल लड, आणि तिला पट्टीपासून सुटं करणारी बारीक झिरी. हे काढायचं मशीन येऊन जमाना झाला, पण थोरला मरेपर्यंत उंदरानेच काढायचा. उंदीर म्हणजे लाकडाचे दोन ठोकळे आणि त्यांच्यामध्ये आवळलेला जुन्या करवतीच्या पात्याचा तुकडा, त्याला कानशीने पाडलेली अर्धचंद्राएवढी खाच. तो कडेला टेकवायचा आणि ओढत न्यायचा, खर्र; पुन्हा मागे, पुन्हा खर्र; कुरतडल्यासारखा आवाज, म्हणून उंदीर. आधी नुसता ओरखडा उठतो, मग झिरी पडते, मग लाकूड हळूहळू खांदे पाडायला लागतं, पण माथा सपाटच राहतो, अगदी शेवटपर्यंत. त्या सपाटीला थोरला टक्कल म्हणायचा. टक्कल गेलं की थांबायचं. आधी थांबलात तर गोला चपटा. नंतर थांबलात तर गोला बसला, पट्टीच्या पातळीखाली गेला, आणि बसलेला गोला काही केल्या उठत नाही. टक्कल जाण्याचा तो क्षण डोळ्याला दिसत नाही. भुसा असतो, सावली असते, लाकडाच्या रेषा असतात, डोळा त्यांच्या नादी लागतो. थोरला धाकट्याचा अंगठा धरायचा, "हे बघ," म्हणायचा, आणि अंगठा ओढत न्यायचा. बघायचं काम त्या घरात अंगठ्याकडेच होतं. थोरला दिसायला गंभीर, पण गोल्याचं त्याला वेड. स्टुलाला गोला, शिडीच्या पायऱ्यांना गोला, कपडे वाळत घालायच्या काठीला गोला. "एक दिवस हे साबणाच्या वडीलासुद्धा गोला काढतील," वहिनी म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात नवी वडी होती, चारी कडांना बारीक गोला, झिरीसकट. वहिनीने ती कुणाला वापरू दिली नाही. आठवडाभर दोघं भाऊ कपड्यांच्या साबणाने अंघोळ करून, एक कामावर, एक शाळेत गेले आणि अंग खाजवत राहिले, आणि थोरला मधेच खाजवता खाजवता हसायचा, का ते सांगायचा नाही, आणि नऊ वर्षांच्या धाकट्याला—

नऊ नाही. तेव्हा दहा असेल. पण वाटलं होतं ते अजून तसंच आहे: की या दोघांमध्ये काहीतरी आहे जे साबणाचं नाही, लाकडाचं नाही, आणि आपण ते शिकायचं तर आधी गोला शिकायला हवा. तो शिकला. इतका शिकला, की पुढे दोघांनी मिळून एक कपाट केलं तर कुठली कड कुणाची हे दोघांनाही सांगता यायचं नाही. थोरला जाऊन आठ वर्षं झाली तरी गिऱ्हाइकं कडेवरून बोट फिरवून म्हणायची, अगदी तुमच्या भावाचा हात. तो "हो" म्हणायचा. त्या "हो"मध्ये अभिमान होता. आणि अलीकडे, पहाटे जाग आली की, त्याच्या तळाशी आणखी काहीतरी असायचं, चहाच्या कपात तळाशी राहतं तसं, जे कुणी पीत नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरने मनगट वाकवलं, ठोकलं, टोचलं, एका शिरेचं लांबलचक नाव घेतलं. दबली आहे म्हणाला. महिना-दीड महिना हाताला आराम, मग बघू. धाकट्याने रविवार कधी आहे याचा हिशेब मनात केला आणि "बरं" म्हणाला.

कारखान्यात त्याने पहिली पट्टी बाकावर आवळली. सागाची, लांबच लांब, रेषा सरळ. उंदीर ओढायला लागल्यावर मनगट नेहमीसारखं चाललं, आवाज नेहमीसारखा आला, आणि सवयीने अंगठा मागोमाग फिरला आणि रिकाम्या हाताने परत आला. त्याने तर्जनी लावून पाहिली. तर्जनी कधी या शाळेत गेलीच नव्हती. तिला लाकूड कळलं, गुळगुळीत कळलं, पण टक्कल म्हणजे काय हे तिला समजावून सांगायला कुणाकडे वेळ होता? डावा अंगठा सगळंच उलटं सांगत होता, आरशातून बोलल्यासारखं. तो अंदाजाने ओढत राहिला. खिडकीतून तिरपं ऊन पट्टीवर आलं तेव्हा दिसलं: मधल्या हातभर लांबीत गोला बसला होता, पावलांनी दबलेल्या गादीसारखा. त्याने दुसरी पट्टी घेतली. आणि मग, आजूबाजूला बघून, खाली वाकून, ओठ लावले. ओठांना कळत होतं. खालचा ओठ कडेवरून सावकाश नेला तर टक्कल लागत होतं, अगदी स्पष्ट, लहानपणी पाटीच्या लाकडी चौकटीला ओठ लावून बसायची सवय होती ती—

"कधीपासून चाललंय हे?" दारातून पॉलिशवाल्याने विचारलं.

धाकटा सरळ झाला. त्याच्या मिशीला भुसा होता.

"नाही, चालू दे. मी काय म्हणतो, घरी माहीत आहे का?"

"धूळ फुंकत होतो."

"आम्ही पण पहिल्यांदा असंच सांगितलं होतं," पॉलिशवाला म्हणाला, आणि शांतपणे डबा उघडून ब्रश बुडवायला लागला. थोड्या वेळाने, मान वर न करता, "अंगठा का?" त्याने एवढंच विचारलं. धाकट्याने मिशीवरचा भुसा पुसला. "माझ्या सासऱ्याचं नाक गेलं होतं. पॉलिशवाल्याचं नाक. बायकोला उभी करायचा डब्यापाशी आणि विचारायचा, वास कसा येतोय गं? ती म्हणायची, तुमच्यासारखा. तरी धंदा चालला."

पण ओठाने अख्खी पट्टी होत नाही. पाठ मोडते, आणि ओठ थकला की तोही खोटं बोलायला लागतो. शुक्रवारी धाकट्याने अर्धवट पट्टी, उंदीर आणि हत्यारांची पिशवी उचलली आणि वहिनीच्या घरी गेला. उरलेलं काम इथेच करतो म्हणाला, जागेवर माप नीट बसतं. हे खोटं होतं, पण पटण्यासारखं. पॅसेजमध्ये तीन स्टुलं मांडून त्याने पट्टी लांबच्या लांब आडवी ठेवली, एक टोक झोपायच्या खोलीकडे, एक बाहेरच्या दाराकडे. पॅसेजच्या एका बाजूला कोरी भिंत, तिथे पट्टी लागायची होती. दुसऱ्या बाजूला दारं, आधी बाथरूम, पुढे स्वयंपाकघर. वहिनीने खुर्ची आणून बाथरूमच्या दाराला पाठ लावून बसवली, म्हणून तो पलीकडे, भिंतीला पाठ घासत उभा राहिला. खर्र. खर्र. मग, सहज आठवल्यासारखं, "बघ गं, कसं लागतंय?"

तिने बोट नेलं. तीस वर्षं तिने शिंप्यांची काजं करून दिली होती. कापडाची चिरलेली कड दोऱ्याने अशी बांधायची की बटण आत जाताना अडू नये आणि बाहेर यायला मात्र कुरकुरावं. कडा हा तिचाही धंदा होता, फक्त मऊ. "चपटं आहे," ती म्हणाली.

खर्र. "आता?"

"अजून आहे थोडं."

खर्र, खर्र. "आता बघ बरं."

तिने बोट नेलं नाही. "धाकट्या, तू मला केव्हापासून विचारायला लागलास?"

"तुझ्यासाठीच करतोय, तर तुझ्या हाताला—"

"हात दे इकडे. तो नाही, तो."

त्याने दिला. तिने अंगठा आपल्या दोन बोटांत धरला, लहानपणी काटा काढताना धरायची तसा, आणि दुसरा हात खुर्चीला अडकवलेल्या शिवणाच्या पिशवीत घातला. "टोचतंय?"

"थोडंसं."

"मी सुई अजून काढलीच नाही पिशवीतून."

वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. त्याला वाटलं आता ती विचारेल, कधीपासून, डॉक्टर काय म्हणाला, पुढे काय करणार आहेस, आणि त्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्याने चार दिवस घोळवून ठेवलं होतं, गुळगुळीत करून. पण तिने तो अंगठा सोडला नाही आणि काही विचारलंही नाही. फक्त त्याच्या पेरावरून आपलं बोट एकदा पुढे नेलं, एकदा मागे, काज तपासावं तसं. त्याला ते कळलं नाही. म्हणजे दिसलं, म्हणून कळलं. मग ती म्हणाली, "एकाचे डोळे गेलेले आणि एकाचं बोट. रविवारी त्याला कळलं तर दोघांनाही गाडीत घालून नेईल. चल, ओढ."

"वहिनी—"

"ओढ रे. मी सांगते कधी थांबायचं."

खर्र.

"अजून."

खर्र.

"अजून. इथे नाही, इथे झालंय. तिथे, माझ्या डाव्या हाताला."

"तुझा डावा म्हणजे माझा उजवा."

"मग उजव्या हाताला. थांब. परत. हां."

खर्र.

"हे काय, इथे दातासारखं लागतंय."

"रेषा उलटी आहे तिथे. मागून ओढतो."

"ह्यांच्या वेळी लागायचं नाही असलं."

"ह्यांच्या वेळी तू बघायला कुठे यायचीस?"

"न यायला काय झालं. साबण कुणी जपला? अजून. अजून एकदाच. पुरे."

ती सुरुवातीला घाबरत होती, लवकर पुरे म्हणत होती. मग तिला टक्कल सापडलं. सापडलं ते त्याला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. बोट पुढे गेलं, थांबलं, भुवया उचलल्या गेल्या, आणि ती म्हणाली, "हे का ते? हे तर भुंग्याच्या पाठीसारखं आहे." बरोबर तसंच होतं, थोरला कधी असं म्हणाला नव्हता. शनिवारी सकाळपर्यंत दोघं पॅसेजभर सरकत गेली, तो भिंतीला घासत, ती खुर्ची ओढत, पट्टी मधे, जसं काही फार लांब आणि फार अरुंद टेबलावर दोघं जेवायला बसली आहेत. तिला एवढ्यात नवी हौस आली. नुसता गोला सरळ गेला तर आपण कुठे आहोत हे कळायला पावलं मोजावी लागतील, आणि मोजत चालणारी म्हातारी तिला व्हायचं नव्हतं. तर मग, ती म्हणाली, माझ्या पाठीशी हे बाथरूम आहे, इथे वीतभर दोन गोले कर, शेजारी शेजारी. आणि स्वयंपाकघरासमोर गोला तोडून कड कोरी ठेव. खुणा म्हणून नको, नक्षी म्हणून कर. त्याने केलं. दोन गोल्यांमधल्या झिरीत तिने नख फिरवलं आणि मान हलवली, आणि त्याला आठवलं, की चौदाव्या वर्षी पहिला गोला काढून त्याने तिलाच दाखवला होता, भावाला नाही. तेव्हाही तिने अशीच मान हलवली होती. त्या गोल्याला टक्कल होतं, चांगलं भलंमोठं. तिने सांगितलं नव्हतं. की तेव्हा तिला कळतच नव्हतं? आता विचारता आलं असतं. त्याने विचारलं नाही. विचारलं तर ती खरं सांगेल, ही तिची जुनी खोड.

शनिवारी दुपारी त्याने भिंतीला भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या आणि पट्टी उचलून भिंतीशी नेली. आणि तसाच उभा राहिला.

"काय झालं?"

गोला भिंतीकडे होता.

झालं होतं ते इतकं साधं, की शिकाऊसुद्धा हसला असता. कारागीर आपल्या बाजूची कड कापतो. कारखान्यात तो नेहमी बाहेरच्या अंगाला उभा असतो, जिथून पुढे वस्तू बघितली जाणार आहे तिथे. म्हणून कापलेली कड बाहेरच येते, विचार करावा लागत नाही. पण इथे बाहेरच्या अंगाला वहिनी बसली होती, आणि तो भिंतीला पाठ लावून, म्हणजे चुकीच्या बाजूने, दीड दिवस कड कापत राहिला होता. भिंतीकडची. नुसती उलथी केली तर गोला खालच्या अंगाला जातो; तो वर ठेवून बाहेर आणायचा तर पट्टी टोकाला टोक फिरवायला हवी, आणि फिरवली की बाथरूमचे दोन गोले जातात स्वयंपाकघरासमोर आणि स्वयंपाकघराची कोरी कड येते बाथरूमसमोर, एकमेकींच्या घरी राहायला गेलेल्या जावांसारखी. दारं जवळजवळ सारख्या अंतरावर, म्हणून जागा तेवढ्या बरोबर पडत होत्या. हे त्याने तिला सांगितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत कधी असं झालं नव्हतं. अंगठा गेला तो एक, पण हे अंगठ्याचं नव्हतं, हे डोक्याचं होतं. लाकूड नाही, वेळ नाही, उद्या पुतण्या येणार. दुसरी कड कापायची तर पट्टीची जाडी पुरत नाही. काढून टाकू का? स्टीलचे लावू का तूर्तास?

वहिनी हसायला लागली. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग तिने खुर्चीची पाठ धरली. "दीड दिवस," ती म्हणाली, "दीड दिवस आपण दोघं शहाणी माणसं—" आणि पुढे बोलता येईना. धाकटा पट्टी धरून उभा. हात भरून आले होते. "लाव तशीच," ती डोळे पुसत म्हणाली. "फिरवून लाव. दोन गोले म्हणजे स्वयंपाकघर, कोरं म्हणजे बाथरूम. मला काय, दोन्ही नवीनच शिकायचं."

"चुकलेलं काम लावू भिंतीला?"

"ह्यांनी उभ्या जन्मात एक फळी उलटी लावली नाही," वहिनी म्हणाली. "आणि घरातल्या कुठल्याही कडेला हात लावला की मला कळायचं नाही, हे ह्यांचं की तुझं. तुला वाटायचं मला कळतं. नाही कळायचं. हे मात्र कुणालाही न विचारता कळेल."

त्याने पट्टी फिरवली आणि लावली. स्क्रू आवळताना त्याला डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं, मधलं तेवढं, कडा दिसत होत्या.

रविवारी पुतण्या आला तो बॅग दारातच ठेवून. बेल वाजली तेव्हा वहिनी झोपायच्या खोलीत होती. धाकटा बाहेरच्या खोलीत बसून राहिला, ठरल्याप्रमाणे. ती आली. हात पट्टीवर ठेवून, बोटं हलकी, मान वर, अशी आली की जणू काही कुणाच्या तरी घरी समारंभाला जिना उतरते आहे, आणि दार उघडून म्हणाली, "तुझे कान आले." मग चहा केला. मग मधेच उठून, पट्टीला हात लावून, बाथरूममध्ये जाऊन आली, नको असताना. पुतण्या बघत होता. बँकेत माणसं खोट्या सह्या बघतात तसा. तो वाईट मुलगा नव्हता. दोन रात्री झोपला नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आईला सोडून सगळ्यांना.

"कसं कळतं तुला, कुठे वळायचं ते?" त्याने विचारलं.

"काकाला विचार."

आणि धाकटा, ज्याने रात्रभर हाच प्रश्न येणार म्हणून उत्तर पाठ केलं होतं, गडबडला आणि जुनं उत्तर देऊन बसला. "दोन गोले लागले की बाथरूम," तो म्हणाला. "कोरं लागलं की स्वयंपाकघर." जीभ चावली तोवर पुतण्या उठलाही होता. झोपायच्या खोलीपाशी जाऊन त्याने डोळे मिटले, अगदी घट्ट, लहानपणी औषध घेताना मिटायचा तसे, आणि पट्टीला हात लावून निघाला. कोऱ्या कडेवरून पुढे गेला. दोन गोल्यांपाशी बोटं अडखळली, त्याचा चेहरा खुलला, तो आत्मविश्वासाने वळला, समोरच्या दारातून आत गेला, आणि हात पुढे करून नळ शोधायला लागला. नळ सापडला. भांड्यांवर पाणी पडल्याचा आवाज झाला. त्याने डोळे उघडले.

"काका, हे उलटं आहे."

धाकट्याने तोंड उघडलं. एक खोटं तयार होतं, एक खरं तयार होतं. दोन्ही एकदमच दाराशी आली आणि अडकली.

"सुलटंच आहे," वहिनी तिकडून म्हणाली. ती खुर्चीतून उठलीसुद्धा नाही. "तू इथे राहत नाहीस, म्हणून तुला उलटं लागलं. काकाने सांगितलं आणि तू विश्वासाने गेलास. चूक तुझी नाही, त्याचीही नाही. तुझ्या घरी मला सगळे असंच प्रेमाने सांगतील, आई, बाथरूम डावीकडे. आणि मी रोज टॉवेल घेऊन तुझ्या स्वयंपाकघरात उभी."

पुतण्या भांड्यांसमोर उभा राहिला. नळ अजून चालू होता. त्याने तो बंद केला. मग बाहेर येऊन पट्टीवर पुन्हा हात ठेवला, डोळे उघडे ठेवून, आणि दोन गोल्यांवर बोट मागे-पुढे करत राहिला, बराच वेळ. धाकट्याला त्या बोटाकडे बघवेना आणि नजरही काढवेना. तिथे एका जागी टक्कल केसभर राहिलं आहे, हे आत्ता, या उजेडात, त्याला दिसत होतं.

"बाबांनी केल्यासारखं नाही वाटत," पुतण्या शेवटी म्हणाला.

"नाही ना?" वहिनी म्हणाली.

तो पुन्हा खोलीपाशी गेला, डोळे मिटले, निघाला. या वेळी सावकाश. कोऱ्या कडेशी थांबला, मनातल्या मनात काहीतरी उलटंसुलटं केलं, ओठ हलले, वळला, आत गेला. कडी लागल्याचा आवाज आला.

"आता अर्धा तास बाहेर यायचा नाही," वहिनी धाकट्याला हळू आवाजात म्हणाली. "शाळेत होता तेव्हापासून असंच. रडायचं असलं की अंघोळ निघायची."

आतून पाण्याचा आवाज येत होता. त्यातूनच पुतण्याचा आवाज आला, मोठ्याने, जरा घोगरा. "आई, दोन तिकिटं काढली होती परतीची. रद्द करतो."

"दोन्ही नको रे करू," वहिनीने ओरडून सांगितलं. "एकच कर. उद्या ऑफिस आहे तुझं."